घाटावरचा भाव, घाटाखालचे वावर

बुलढाणा जिल्ह्यात शेतजमिनीचा एकरी भाव काय, असे कोणी विचारले तर जाणता माणूस आधी उलट विचारतो, की घाटावर की घाटाखाली. कारण अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे जे दोन मजले केले आहेत, त्यांतील वरच्या मजल्यावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके पैनगंगेच्या व खडकपूर्णेच्या खोऱ्यांत पसरले असून त्यांचे पाणी अखेर गोदावरीस मिळते, आणि खालच्या मजल्यावर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे तालुके पूर्णेच्या सपाट काळ्या मातीत वसले असून त्यांचे पाणी तापीकडे वळते. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अमलाखाली, एकाच नमुन्याच्या सात-बाऱ्यावर लिहिल्या जाणाऱ्या या दोन प्रदेशांच्या जमिनींची सरासरी काढून जो आकडा येईल, त्या आकड्याला विकत मिळेल असे एकही वावर जिल्ह्यात बहुधा सापडणार नाही.

पुढे ज्या दोघांचा वाद दिला आहे, त्यांपैकी एक महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ असून त्यांना सगळे अद्याप ‘साहेब’च म्हणतात, दुसरे नांदुरा तालुक्यातील, पूर्णेकाठच्या एका गावचे पाटील. पाटलांचे वडील मृत्युपत्र न करता वारले, थोरला मुलगा त्यांच्या हयातीतच गेला होता, आणि म्हणून त्या थोरल्याचा हिस्सा त्याच्या मुलाकडे, म्हणजे पाटलांच्या पुतण्याकडे आला. हा पुतण्या पुण्यास नोकरीला. त्याने आपल्या वाट्याचे सहा एकर विकावयाचे ठरवून चुलत्यालाच ते घेण्याविषयी विचारले, ही त्याची सज्जनता. परंतु भाव सांगितला एकरी अठरा लाख. पाटलांनी आठ लाख बोलून दाखवले, आणि दोघांच्या मधल्या दहा लाखांचा उलगडा करून घेण्यासाठी ते घाट चढून बुलढाण्यास आले.

पाटील – साहेब, पोराने हा अठराचा आकडा आणला कोठून म्हणाल, तर मेहकरकडच्या एका मित्राकडून. तिकडे समृद्धी महामार्गाला जमिनी गेल्या, पाचपट मोबदला मिळाला, आणि आता रस्त्यालगतचे लोक तोंडाला येईल तो भाव सांगतात. पण मेहकरचा भाव मेहकरला. आमचे वावर खारपाणपट्ट्यातले. विहीर खणली तर गुराने तोंड लावू नये असे पाणी. पावसावर एक पीक, आणि ओल राहिली तर हरभरा. या जमिनीला महामार्गाचा भाव कोणत्या न्यायाने?

साहेब – न्यायाने नव्हे, पाटील, ओघाने. ज्याची चार एकर जमीन रस्त्यात गेली त्याच्या हाती पैसा आला, पण शेतकऱ्याच्या हाती आलेला असा पैसा फार दिवस स्वस्थ बसत नाही. तो पुन्हा जमीन शोधतो. शेजारच्या शिवारात भाव चढले की तो त्यापलीकडच्या शिवारात जातो, तेथून पुढच्या तालुक्यात जातो, आणि अशा रीतीने सिंदखेडराजा नि मेहकर येथे पेरलेला मोबदला घाट उतरून तुमच्या बांधापर्यंत येतो. तुम्ही त्याला परका म्हणा, पण तो गिऱ्हाईक आहे, आणि भाव गिऱ्हाईक ठरवतो.

पाटील – मग शेताचे उत्पन्न कशाला मोजायचे? मी साधा हिशेब मांडतो. एकरी सात क्विंटल सोयाबीन धरा. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, तो पुरा मिळाला असेही धरा, जो बाजारात नेहमी मिळतो असे नाही. झाले ३७ हजार. बी, खत, फवारणी, निंदण, सोंगणी, मळणी मिळून २२ हजार वजा करा. राहिले १५ हजार. अठरा लाख फिटायला एकशे वीस वर्षे लागतील. आणि तेच अठरा लाख बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला एक लाख आठ हजार घरबसल्या येतील. असा सौदा शहाणा माणूस करील काय?

साहेब – करणार नाही. पण सहा टक्क्यांच्याच हिशेबाने पंधरा हजार उत्पन्नाच्या जमिनीची किंमत अडीच लाख होते, आणि तुम्ही स्वतः आठ लाख देऊ केले आहेत. वरचे साडेपाच लाख तुम्ही कशाबद्दल देत होता?

या प्रश्नावर पाटील काही वेळ बोलले नाहीत, आणि माझ्या मते साऱ्या वादातला हाच प्रश्न सर्वांत नेमका होता. कारण पिकाच्या हिशेबाने जमीन महाग आहे असे म्हणणारा प्रत्येक शेतकरी, शेजारचा तुकडा विकाऊ निघाला की तो हिशेब बाजूला ठेवून मोकळा होतो.

पाटील – धुऱ्याला धुरा लागून आहे, साहेब. तेथे परका माणूस आला तर पांदणीवरून तंटा, पाण्याच्या वाटेवरून तंटा, आणि आयुष्यभर कोर्टकचेरी. शिवाय लग्नाच्या बैठकीत मुलाकडे किती एकर हे अजूनही विचारतात, किती उत्पन्न हे नंतर. ते साडेपाच लाख या गोष्टींचे. पण त्या गोष्टी खऱ्या आहेत. महामार्गाची आशा मात्र माझ्या वावरात उगवत नाही.

साहेब – तुम्ही आपल्या आशेला किंमत म्हणता आणि पुतण्याच्या आशेला हाव म्हणता. असो. मला तुम्हाला थोडे मागे न्यावयाचे आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, त्या काळी या मुलखात जमीन विपुल आणि कसणारे हात थोडे होते. देशमुखी, पाटीलकी अशी वतने विकली जात, तुमच्या घराण्याला ते ठाऊक असेलच. पण साध्या वावराला विकाऊ किंमत म्हणून जी म्हणतात ती फारशी नव्हती. १८६१ पासून मुंबईच्या पद्धतीने वऱ्हाडात पैमाश सुरू झाली, जमिनीची मोजणी व प्रतबंदी होऊन तीस वर्षांसाठी सारा बांधला गेला, खातेदाराचा कब्जा पक्का व हस्तांतरणीय झाला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी पेटली, तेथला कापूस विलायतेस जाईना, आणि खामगावच्या बाजारात कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ साली नागपूरपर्यंत रेल्वे गेली तीही तुमच्या खालच्या अंगाने, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी. १८७० साली खामगावचा फाटा झाला, तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. तेव्हा घाटावरच्या माणसाने खाली पाहून म्हटले असेल, की हा भाव मातीचा नव्हे, गाडीचा आहे. आज तुम्ही वर पाहून तेच म्हणत आहात. दीडशे वर्षांनी फेरा उलटला, इतकेच.

पाटील – इतकेच नाही, साहेब. आगगाडीला ठिकठिकाणी ठेसणे होती. माझ्या आजाची कपाशीची बैलगाडी ठेसणापर्यंत जात असे. तुमच्या महामार्गाला दोन्हीकडून कुंपण. मेहकरला चढा, दुसरबीडला चढा, सिंदखेडराजाला चढा. मधल्या गावांना त्याचा उपयोग काय? गाड्या मोजणे! ज्याचे वावर मधोमध कापले गेले, त्याने पलीकडच्या तुकड्यावर बैलजोडी नेण्यासाठी बोगद्यापर्यंत वळसा घ्यायचा. चढण्याउतरण्याच्या जागेपासून कोसभरात भाव वाढला असेल, ते मान्य. पण त्याच रस्त्याच्या कडेला असूनही ज्याची पांदण तुटली त्याच्या जमिनीचा भाव उतरला असेल, आणि ते कोणी सांगत नाही.

येथे पाटलांच्या बोलण्याला मी माझे मत जोडतो. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. बुलढाणा जिल्ह्यात तो घाटावरच्याच तालुक्यांतून जातो, आणि सावरगाव माळ व साब्रा-काब्रा येथे योजलेल्या नवनगरांच्या कागदी नकाशांनी त्या परिसरात जो उत्साह निर्माण केला, त्याचे मोजमाप पिकाच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही. रस्त्याचा भाव हा लांबीच्या प्रमाणात वाटला जात नाही, तो काही थोड्या बिंदूंवर साचतो. आणि तालुक्याचा भाव म्हणून जो गावोगाव सांगितला जातो तो बहुतेक वेळा या बिंदूंचा असतो. मात्र घाटावरच्या भावाचे सारे श्रेय रस्त्याला देणे हेही अज्ञानाचे होईल. देऊळगावराजा व सिंदखेडराजा या भागांत शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन करणारे शेतकरी आहेत, शेजारच्या जालन्यातील बियाणे कंपन्या त्यांच्याशी करार करतात, आणि दहावीस गुंठ्यांत जे उत्पन्न तेथे निघते ते खाली चार एकर कोरडवाहूत निघत नाही. तो भाव आशेचा नव्हे, पाण्याचा व कसबाचा आहे.

साहेब – पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक मौज सांगतो. सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात, तो दर एप्रिलला निघतो; दोन वर्षे जागच्या जागी ठेवून १ एप्रिल २०२५ रोजी ग्रामीण भागासाठी त्यात सरासरी ३.३६ टक्के वाढ झाली. पण खेड्यातील जिरायत जमिनीचा दर त्या तक्त्यात कसा ठरतो? हेक्टरी आकारावरून, म्हणजे बांधलेल्या साऱ्यावरून. सवा रुपयापर्यंत आकार असेल तर एक दर, त्यावर अडीच रुपयांपर्यंत दुसरा, असे टप्पे. आणि आकाराचे मूळ इंग्रजी अमदानीतल्या पैमाशीत. खोल काळी माती सापडली की प्रतबंदीचे आणे चढत, बरड-मुरमाड लागली की उतरत.

पाटील – म्हणजे आमची खारपाणातली जमीन खोल काळी म्हणून चढ्या आकाराची, आणि वरची हलकी जमीन उतरत्या आकाराची?

साहेब – बहुतांशी तसेच. आणि ज्या काळी सारा महसूल ज्वारी-कपाशीच्या पावसाळी पिकावर उभा होता, त्या काळी ते वाजवीही होते; खालचे पाणी खारे की गोडे हे कोणी कशाला पाहावे? आज बाजार माती कमी नि पाणी अधिक पाहतो. खडकपूर्णेवरच्या संत चोखामेळा सागराचे पाणी लागते त्या मुरमाड रानाला गिऱ्हाईक धावते, आणि तुमच्या पुरुषभर खोल काळ्या मातीला नाक मुरडते. सरकारी तक्ता मात्र जुन्या आण्यांचाच वंशज आहे. म्हणून मी म्हणतो, तक्त्याचा दर खरा नाही, खरेदीखतातला आकडा खरा नाही; तोंडी भाव तेवढा खरा.

पाटील – खरेदीखतातला का नाही?

साहेब – हजारो दस्त पाहिलेल्या माणसाला विचारता आहात, तर ऐका. घेणारा मुद्रांक वाचवण्यासाठी तक्त्याइतकाच आकडा लिहितो, वरचे रोख देतो. ही एक जात. दुसरी जात अधिक दुःखाची. सावकाराकडून दोन लाख उचलले, त्याने गहाणखत न करता सरळ खरेदीखत लिहून घेतले, पैसे फेडले की परत फिरवून देईन असा तोंडी वायदा. त्या खतात लिहिलेले दोन लाख हे जमिनीचे मोल नव्हे, ते कर्ज आहे. पण निबंधकाच्या पुस्तकात ते विक्रीची किंमत म्हणून उतरते. २०१४ च्या सावकारी नियमनाच्या कायद्याने अशी जमीन चौकशीअंती परत देववण्याची तजवीज केली, तरी पुस्तकातला आकडा तेथेच राहतो. पुढे त्याच शिवारात सरकारला जमीन घ्यावयाची असली म्हणजे २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मागील तीन वर्षांची आसपासची खरेदीखते काढून त्यांतील चढ्या भावाच्या निम्म्यांची सरासरी पाहतात. ज्याने काल मुद्रांकाचे दहा हजार वाचवले, त्यालाच आज चौपटीच्या मोबदल्यात लाखांचा फटका बसतो. आणि मग तो तकरार घेऊन आमच्याकडे येतो, की हा भाव खोटा!

पाटील – तो खोटा असतोच.

साहेब – असतो. पण लिहिला कोणी? बरे, आता रागावू नका. नदीपलीकडची तुमची जमीन जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आली होती. त्या वेळी तुम्ही मोबदला मागितला तो पंधरा हजारांच्या उत्पन्नावरून मागितला होता काय? तेव्हा तुम्ही म्हणाला होता, काळ्या आईला मोल नसते.

पाटील – म्हणालो होतो, आणि पुन्हा म्हणेन. तेथे मी विकत नव्हतो, साहेब. माझ्याकडून घेत होते. विकणारा ‘नाही’ म्हणू शकतो तेव्हा जो ठरतो तो भाव. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही त्याला मिळते ती भरपाई, आणि भरपाईत गाव, देऊळ, शेजार सगळे आले पाहिजे. सिंदखेडराजा ते शेगाव भक्तिमहामार्गाची आखणी निघाली तेव्हा लोक विरोधाला उभे राहिले, ते काय पाचपट-चौपट त्यांना ठाऊक नव्हती म्हणून? ज्यांनी समृद्धीचा पैसा येताना आणि जाताना पाहिला, त्यांच्याच शेजारचे होते ते. पुतण्या मात्र आपखुशीने विकतो आहे. त्याने भरपाईच्या दराने विक्री मागू नये, एवढेच माझे म्हणणे.

हा भेद साहेबांनी मान्य केला, आणि मला वाटते, त्यांच्यासारख्या आयुष्यभर संपादनाचे निवाडे वाचलेल्या माणसाने तो मान्य करणे लहान गोष्ट नव्हती. सक्तीच्या खरेदीतले आकडे खुल्या बाजाराचा मापदंड म्हणून फिरू लागले, की गावात भाऊबंदकीचे निम्मे तंटे तेथूनच सुरू होतात. तरीही साहेबांचा पक्ष त्याने संपला नाही.

साहेब – ठीक. भरपाई वगळा. पण पुतण्याची आणखी एक बाजू आहे, ती तुम्ही लक्षात घेत नाही. त्याला तुमच्याशिवाय गिऱ्हाईक तरी किती मोकळे आहे? विदर्भासाठी जो १९५८ चा कूळकायदा आहे, त्याच्या कलम ८९ ने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता येत नाही; म्हणजे पुण्यातला त्याचा सोबती, हाती पैसा असूनही, उभा राहू शकत नाही. त्यात हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे सहवारसाचा अग्रहक्क तुमच्याकडे. तुमच्या वडिलांचे तुम्ही आणि तो, दोघेही पहिल्या वर्गाचे वारस. हा हक्क शेतजमिनीलाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे. इतक्या कुंपणांच्या आत उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही म्हणता, आशा सोड आणि आठ लाखांत दे.

पाटील – त्या कलमात भाव कोणाचा धरतात?

साहेब – जमले नाही तर न्यायालय ठरवते, आणि ठरेपर्यंत तुमचा नातू शेती करू लागेल.

पाटील – नको. पण तो आता नवीच धमकी देतो. म्हणतो, अर्ध्या-अर्ध्या एकराचे तुकडे पाडून विकीन, गुंठ्याचा भाव घेईन, चाळीसने गुणले की अठराच काय पंचवीस होतात.

साहेब – ऑगस्ट २०२३ पासून जिरायतीचा वीस गुंठ्यांचा आणि बागायतीचा दहा गुंठ्यांचा तुकडा कायद्याला चालतो. पूर्वी वऱ्हाडात प्रमाणभूत क्षेत्र याहून मोठे असे. म्हणून धमकी पोकळ नाही. परंतु तो गुणाकार मात्र पोकळ आहे. शेगावला देवस्थानाजवळ, किंवा नांदुऱ्यात राष्ट्रीय महामार्गालगत, वीस गुंठ्यांना गिऱ्हाईक निघते. पूर्णेकाठी जेथे पावसाळ्यात पांदणीतून ट्रॅक्टर फसतो, तेथे वीस गुंठे घेऊन कोण काय करणार? गुंठ्याचा भाव जेथे एकही गुंठा खपत नाही तेथे चाळीसने गुणणे हे पोरपण झाले, आणि तसे मी त्याला फोनवर सांगेन.

पाटील – मग माझे आठ खरे ठरले.

साहेब – तसे मी म्हटले नाही. मातीचे, धुऱ्याचे, शेजाराचे मिळून नऊ द्या. आणि उरलेली जी आशा आहे, ती आज पैशांत मोजूच नका. जिगावचे गोडे पाणी तुमच्या शिवारात येईल की नाही, खामगाव-जालना रेल्वेची पिढ्यान्‌पिढ्यांची मागणी फळाला येऊन या भागाचे रूप पालटेल की नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही नि त्यालाही नाही. तेव्हा नोंदणीकृत करार करा, की येत्या दहा वर्षांत ही सहा एकरे तुम्ही बाहेरच्याला विकली किंवा सरकारने संपादिली, तर एकरी नऊ लाखांवर, रीतसर व्याज धरून, जे अधिक येईल त्यातले निम्मे पुतण्याचे. तुम्ही कसत राहिलात तर त्याला काही नाही. ज्याला जमीन हवी त्याला जमीन, ज्याला आशा हवी त्याला आशा.

पाटलांनी हे दोनदा समजावून घेतले. कराराचा बोजा सात-बाऱ्याच्या इतर हक्कांत लागला तर पीककर्जाला अडचण येईल काय, सरकारी मोजणीचा खर्च कोणी करावयाचा, आणि विहिरीचे खारे का होईना पाणी करारात धरावयाचे की नाही, असे तीन प्रश्न त्यांनी काढले. साहेबांनी तिन्हींची उत्तरे कागदावर उतरून दिली. खरेदीखतात एकरी पुरे नऊ लाख लिहावेत, तक्त्याचा आकडा नव्हे, या अटीवर मुद्रांकाच्या खर्चाचे कारण सांगून पाटलांनी बरीच कुरकुर केली आणि शेवटी ती मान्य केली. मुदतीवर मात्र ते अडले. दहा वर्षे फार झाली, पाच पुरेत, असे त्यांचे म्हणणे पडले. पुण्याला फोन लावला तेव्हा पुतण्याला योजना पसंत पडली, भावही पसंत पडला. त्याने मुदत पंधरा वर्षांची मागितली आहे.